एकच वर्ष की दोन?

३ फेब्रुवारी

तळ्यात नळी ठोकून काढलेली गाळाची कांडी आज उभी चिरली. फिकट, काळी, फिकट, काळी – पट्ट्याच पट्ट्या! उन्हाळ्यात शेवाळाची सूक्ष्म कवचं साचतात, वाऱ्याची धूळ पडते – फिकट पट्टी. थंडीत पाणी निवलं की बारीक चिकणमाती बसते – काळी. जोडी म्हणजे एक वर्ष.

मोजायला ताई हवी होती. या कामाची बाराखडी तिनेच गिरवून घेतली. "जांभई दिलीस की दहा वर्षं गेली!" म्हणायची. सहा वर्षं झाली, सख्ख्या बहिणींचं बोलणं नाही.

४ फेब्रुवारी

तो जाड करडा थर याही कांडीत आहे. त्याच्यावरूनच बिनसलं. माझं म्हणणं, दोन वर्षं. ताईचं, एकच – कडा कोसळला, ओढ्याने माती तळ्यात लोटली, संपलं. मी भर बैठकीत म्हणाले, "ताईचे डोळे थकलेत आता." हशा पिकला. ती नुसती चष्मा पुसत राहिली. दुसऱ्या दिवसापासून प्रयोगशाळेत आलीच नाही.

मीही तिच्याकडे गेले नाही. ताठा!

५ फेब्रुवारी

कामात लक्ष नाही.

९ फेब्रुवारी

करड्या थराची चकती पातळ घासून सूक्ष्मदर्शकाखाली धरली. सगळी डोंगरातली माती. जाड कण तळाशी, बारीक वर – एका दमात बसलेली. कवच औषधालाही नाही. मध्ये उन्हाळा गेला असता तर दिसला असता ना? एकच वर्ष. ताईचंच खरं!

मान खाली गेली. आणि वेड्यासारखा आनंदही – फोन करायला निमित्त मिळालं.

१० फेब्रुवारी

तीनदा नंबर लावला, तीनदा तोडला. चौथ्यांदा भाऊजींनी उचलला. "ताईला द्या ना. तिचंच बरोबर निघालं!" ते म्हणाले, "फोनवर नको. घरी ये. आधीच यायला हवं होतंस, पोरी."

१२ फेब्रुवारी

ताई खिडकीशी बसली होती. कांडीचा फोटो पुढे केला. तिने नेमकं करड्या थरावर बोट ठेवलं – "हे एकच वर्ष." मला रडू आवरेना. तिने पाठीवरून हात फिरवला.

"रडता कशाला? माझी धाकटी बहीण येईल, तिला दाखवा. तिची मोजणी चुकत नाही. तुम्ही तिच्या हाताखाली शिकता का?"