बारावे यंत्र रिकामेच राहू देण्याबाबत

प्रति,
मा. उपसंचालक (संगणक सेवा),
मुख्य कार्यालय, दुसरा मजला

विषय : यंत्र क्र. १२ रिकामे असणे आवश्यक असल्याने ते रिकामे करून मिळण्याबाबत.

संदर्भ : १) निरीक्षण पथकाचा शेरा, "एक यंत्र विनावापर आढळले."
२) माझे याच विषयावरील दोन अर्ज, जे आपल्या टेबलावर पाण्याच्या ग्लासाखाली आहेत.

महोदय,

तिसऱ्यांदा सविनय लिहितो की,

१. मी सोळा वर्षे तळघरातील यंत्रकक्षात प्रणाली प्रशासक आहे. तेथे बारा मोठी यंत्रे आहेत. प्रत्येकात हायपरवायजर नावाची प्रणाली असून ती एका यंत्रात वीस-पंचवीस आभासी संगणक नांदवते. थोडक्यात, घरमालक एक, बिऱ्हाडे अनेक. रुग्णालयाची नोंदणी, पाण्याच्या तक्रारी, ग्रंथालय ही सर्व आमची बिऱ्हाडे.

२. या घरमालकात सुरक्षेचे एक भगदाड सापडले असून ते शुक्रवारपर्यंत बुजवणे भाग आहे. त्यासाठी यंत्र चाळीस मिनिटे बंद ठेवावे लागते. बिऱ्हाडांना मात्र पत्ता लागू द्यायचा नसतो. म्हणून आधी रिकामे यंत्र दुरुस्त करायचे, मग शेजारची बिऱ्हाडे चालू कामासह त्यात हलवायची, की शेजारचे रिकामे होते. असे बाराही. मुलांच्या सरकत्या ठोकळ्यांच्या खेळात एक घर मोकळे असते. तो खेळातला दोष नव्हे.

३. पथकप्रमुखांनी यंत्र क्र. १२ वर हात ठेवून विचारले, "हे काय करतं?" मी म्हणालो, "वाट बघतं, साहेब." उत्तर खरे होते, पण निरीक्षणाच्या दिवशी द्यायचे नव्हते. आठवड्याभरात त्या यंत्रात पथकाचीच 'यंत्रवापर देखरेख प्रणाली' बसवण्यात आली. कोणते यंत्र रिकामे आहे, हे ती पाहते. त्यासाठी तिला अख्खे यंत्र लागते.

४. पहिल्या अर्जावर आपण तोंडी म्हणालात, "अहो, जरा सरकून घ्या की." उरलेली अकरा गळ्यापर्यंत भरलेली आहेत. दुसऱ्या अर्जावर म्हणालात, "रविवारी बंद करा, कोण बघतंय?" रुग्णालयाला रविवार नसतो. माझी पत्नी तेथे नोंदणीच्या खिडकीवर बसते. गेल्या वर्षी असेच यंत्र बंद करून काम उरकले, तेव्हा छातीत दुखणारे एक आजोबा केसपेपर निघेना म्हणून रांगेत ताटकळले. ते वाचले. पत्नीने मला बोल लावला नाही. जेवताना एवढेच म्हणाली, "तुमचं यंत्र निजलं होतं, तेवढ्यात मी त्यांना खुर्ची दिली. दुसरं काय देणार?" त्यानंतर बिऱ्हाडांसकट यंत्र बंद करण्यास माझे मन धजत नाही.

५. रिकामे असणे हाच आक्षेप असेल, तर यंत्रास 'विशेष कार्य अधिकारी' असे पदनाम द्यावे. त्या पदावर कोण काय करते, असे आजवर कोणत्याही पथकाने विचारलेले नाही.

शुक्रवारच्या आत निर्णय व्हावा. न झाल्यास हा अर्जही ग्लासाखाली ठेवण्यास माझी हरकत नाही, फक्त ग्लासाचे बूड पुसून घ्यावे. आधीच्या दोहोंवरील शाई फुटली आहे.

आपला थकलेला, तरी नम्रच,
(सही)
प्रणाली प्रशासक, यंत्रकक्ष
मंगळवार, दि. १४

सोबत : आधीच्या दोन अर्जांच्या कोरड्या प्रती.

ता. क. (गुरुवार, दि. १६) : अर्ज पाठवण्यापूर्वी काल सकाळी, यंत्र क्र. १२ वर नेमका किती भार आहे तो आकडा जोडावा म्हणून पाहिले. देखरेख प्रणाली नऊ दिवसांपासून बंद पडलेली आढळली. पथकाकडून, आपणाकडून वा अन्य कोणाकडून तक्रार नाही. बंदच असलेली वस्तू बंद करण्यास लेखी आदेश लागतो, असा नियम मला सापडला नाही. सबब ती काढून ठेवून काल दिवसभरात बाराही यंत्रांची दुरुस्ती उरकली. सेवा कोठेही थांबली नाही. पत्नी संध्याकाळी घरी आली, तेव्हा मी सहज विचारले, "आज खिडकीवर कसं होतं?" ती म्हणाली, "काही विशेष नाही." सोळा वर्षांत मला मिळालेले हे एकमेव प्रशस्तिपत्र असून ते लेखी नसल्याने सोबत जोडता आलेले नाही.

शेवटी रिकामे उरलेले यंत्र पुन्हा वाट बघत आहे. देखरेख प्रणाली त्यात परत सुरू करावी काय, याबाबत आपला निर्णय यथावकाश व्हावा. घाई नाही.