दहा आकड्याची खोली

दादा, सोबतची पानं माझ्या रोजनिशीतून फाडलेली आहेत. ती वाचण्याआधी एवढं वाच.

१. घराचं मोजमाप करून नकाशा काढायला मी ४ तारखेला इथे आले.
२. ९ तारखेला या घरात एक मुलगी जन्मली.
३. त्या वेळी मी डावीकडच्या खोलीत होते. मला तिथे कोणी बसवलं नव्हतं.
४. खोलीच्या दाराला कुलूप नाही.
५. मी अजून त्याच खोलीत आहे.

सोमवार, ४

पोचले. काम ऐकलं होतं त्यापेक्षा मजेचं निघालं. घरमालक ज्योतिषी आहेत, सगळे त्यांना काका म्हणतात. घर बाहेरून साधा चौरस, चारही बाजूंनी व्हरांडा. आत मात्र एकही सरळ खोली नाही. कोपऱ्यापासून कोपऱ्यापर्यंत दोन तिरप्या भिंती, शिवाय चारही बाजूंचे मध्य जोडणाऱ्या आणखी चार. अशा बारा खोल्या होतात. आठ तिकोनी, आणि चार तिरक्या चौकोनी. या चौकोनी खोल्यांची आतली टोकं घराच्या मध्यबिंदूला भिडतात आणि बाहेरच्या टोकाला चिंचोळं दार आहे. खिडकी नाही, वर झरोका.

कपाटं कशी लावता, असं विचारलं. काका म्हणाले, कपाटाचं सोडा, आमच्याकडे माणूससुद्धा कोपऱ्यात धरूनच बसतो. मला हसू आलं. असं माझं सहसा होत नाही.

काकांची लेक बाळंतपणाला आली आहे. तिची खोली समोरच्या बाजूची मधली, माझ्या नकाशात सगळ्यात वर. माझ्याहून थोडी मोठी, म्हणून ताई म्हणते. तिने आल्या आल्या मला स्वतःची उशी दिली. इथल्या उशा कोणाचं तरी डोकं फोडायला केल्या आहेत म्हणाली. मला उजवीकडची चौकोनी खोली मिळाली आहे.

मंगळवार, ५

लेसरने मोजलं. बाजू अठरा मीटर, चारही बाजूंत मिळून फरक चार मिलिमीटर. इतकं नेमकं बांधकाम मी पाहिलेलं नाही.

काकांनी विचारलं, पत्रिका वाचता येते का. नाही म्हटलं. विश्वास? नाही. ते रागावले नाहीत. माझ्याच कागदावर बोट फिरवत म्हणाले, हा नकाशाच पत्रिका आहे. जन्माच्या क्षणीचं आकाश, बारा घरांत वाटलेलं. ग्रह ज्या घरात असेल तिथलं फळ देतो. आता त्या घरांत जे आकडे लिहितात ना, ते—

मी म्हटलं, आकडे मला कळतात काका, तेच माझं काम आहे. ते थांबले आणि म्हणाले, बरं.

बुधवार, ६

मागच्या चौकोनी खोलीत एक माणूस राहतो. ताई त्यांना मामा म्हणते, पण ते कोणाचे मामा नाहीत. नळ दुरुस्त करायला आले होते, ताई जन्मली त्या दिवशी. चौतीस वर्षं झाली, नळ अजून गळतोच आहे, असं म्हणून तेच हसले. जुने भाडेकरू असावेत.

टेप लावायला जागा हवी होती, म्हणून दोन मिनिटं बाहेर थांबा म्हटलं. ते म्हणाले, बाई, तेवढं सोडून काहीही सांगा. मी आग्रह केला. ते उठले, दारातून बाहेर पडले आणि त्याच दारातून आत आले. माझ्याकडे तोंड करून. वळले नाहीत.

माझ्या पाहण्यात चूक झाली असणार.

गुरुवार, ७

चूक नव्हती. मामांनी तीनदा करून दाखवलं. बाहेर पाठ दिसते, आत चेहरा येतो, मध्ये काही नाही.

काकांना विचारलं. त्यांनी लपवलं नाही. आकाशातले ग्रह पुढे सरकतात, म्हणाले, पण पत्रिकेतले जन्मभर हलत नाहीत. या घरात मूल जन्मतं तेव्हा जो माणूस ज्या खोलीत असतो, तो तिथला ग्रह धरून बसतो; ज्या खोलीत ग्रहच नाही, तिथले मोकळे. ताईच्या वेळी त्यांना हे माहीत नव्हतं. नळवाला सातव्यात होता, शनी होऊन बसला. म्हणून ताईचं लग्न उशिरा, नवरा लांब. आता नातच होणार, तिचं असं होऊ द्यायचं नाही. तिला चौथ्या घरात चंद्र हवा. आईचं सुख, घराचं सुख. मग माझ्याकडे बघून अगदी मायेने म्हणाले, तुम्ही सारख्या या खोलीतून त्या खोलीत. चंद्रच की.

दोन खोल्या मोजायच्या राहिल्या आहेत. असल्या गोष्टींसाठी काम अर्धं टाकून जाणं मला जमणार नाही. शनिवारी दुपारची टॅक्सी सांगितली.

ताई दाराशी येऊन हळूच म्हणाली, तोपर्यंत चौथ्यात थांबू नका.

शुक्रवार, ८

सकाळी बाराही दारांवर खडूने आकडे आले आहेत. काकांचं अक्षर. ताईच्या दारावर ७. माझ्या, उजवीकडच्या दारावर ४.

मी लगेच सामान हलवलं. बरोबर समोरची, डावीकडची खोली घेतली. तिच्यावर १० आहे. चारपासून याहून लांब जागा या घरात नाही, मोजून पाहिलं.

मी गादी ओढत नेत होते तेव्हा काकांनी दार धरून ठेवलं.

शनिवार, ९

ताईच्या कळा सकाळीच सुरू झाल्या. नर्सबाई आल्या आहेत. टॅक्सी यायची आहे. बॅग भरून बसले आहे. मघापासून—

रडण्याचा आवाज. मुलगी झाली.

टॅक्सीचा हॉर्न वाजला. बाहेर पडले. खोलीत आले.

पुन्हा बाहेर पडले.

रविवार, १०

टेप दाराबाहेर सरळ सोडली. चार मीटर. पाच. मग तिचं टोक मागून माझ्या टाचेला लागलं.

तुला फोन केला तर माझाच आवाज येतो.

मध्यबिंदूच्या कोपऱ्यात कान लावला की भिंतीतून मामा ऐकू येतात. त्यांनी समजावलं. घरात लिहिलेला आकडा हा घराचा नंबर नसतो, बाई. तो राशीचा. मकर दहावी रास, चंद्र काल मकरेत होता, म्हणून तिथे दहा. घरं मोजायची समोरच्या खोलीपासून, डावीकडे, घड्याळाच्या उलट.

मोजलं. एक, दोन, तीन.

मी चौथ्यात आहे. स्वतः गादी ओढत आले.

मंगळवार, १२

विचारलं, कधीपर्यंत. मामा म्हणाले, जिची पत्रिका, ती असेपर्यंत. त्यांची बायको यायची, आत बसून जेवायची, रडायची, घरी जायची. पुढे येईनाशी झाली.

मामा ताईहून वीस वर्षांनी मोठे आहेत. मी या मुलीहून सव्वीस वर्षांनी. म्हणजे सरळ हिशोबाने मी—

काका चहा आणतात. काही हवं का विचारतात. पत्र लिहा की, कोण अडवतंय, म्हणाले. खरंच कोणी अडवत नाही.

बुधवार, १३

ताई बाळाला घेऊन आली. खूप रडली. मला वाटलं होतं तुम्हाला मोजणी कळली असेल, म्हणाली. बाळ तिच्याकडे रडतं. माझ्याकडे दिलं की गप्प. लगेच. काका दारातून बघत होते, डोळे भरून.

फार हलकं आहे. मान धरावी लागते.

मामांना भिंतीतून विचारलं, कधी मनात आलं का. म्हणाले, ताई दोन वर्षांची असताना तापाने फणफणली होती. मी दाराशी उभा होतो, बाई. तयार. बरी झाली तर मला वाईट वाटलं.

गुरुवार, १४

ताईचे टाके चिघळले आहेत. रविवारी तिला दवाखान्यात नेणार. काका आणि नर्सबाई दोघंही सोबत जाणार. बाळ दिवसभर माझ्याकडे. दुसऱ्या कोणाकडे राहतच नाही, म्हणून.

दादा, हे पाकीट नर्सबाईंकडे देते आहे. तू येऊ नकोस, येऊन काही होत नाही. सल्लाही नको. मला स्वतःची खात्री होती, आता—

आत्ता पाळणा माझ्या खोलीत लावला. सवय व्हावी म्हणून. ती झोपली आहे. दार उघडं आहे. मी दाराकडे बघते, मग तिच्याकडे. पुन्हा दाराकडे—

शनिवारपर्यंत उत्तर दे. रविवारच्या आत. दोन ओळीही नकोत. नुसतं ‘नको’ एवढंच लिहिलंस तरी मी—