तोंडाचा डावा कोपरा

ता. ४ जून

चि. कोळशास, ताईचे अ. उ. आ.

पत्र पोचलं. पाकिटावर तुझ्या बोटाचा काळा ठसा होताच. पन्नाशी उलटली तरी तुझे हात काही स्वच्छ होत नाहीत. लहानपणी ठेवलेलं नाव तू अगदी इमानेइतबारे चालवतो आहेस!

आता मुद्द्याचं. शाळेची मंडळी घरी येऊन गेली. सभागृहात आधीच्या सगळ्या हेडमास्तरांच्या तसबिरी आहेत, तशी यांचीही हवी आणि ती तूच काढावीस, असं म्हणाले. यांनी तोंडावर नाही म्हणून सांगितलं. तुला माहीतच आहे, झटका आल्यापासून तोंडाची डावी बाजू उतरली ती उतरलीच. हे कुणाच्या लग्नाला येत नाहीत की फोटोत उभे राहत नाहीत. दाढीसुद्धा आरशाशिवाय करतात. मी आधी समजावलं, मग भांडले, शेवटी अबोला धरला, तेव्हा कुठे स्वारी तयार झाली.

रविवारी यांना गाडीत बसवून देते. सून बाळंतीण आहे, त्यामुळे मला घर सोडता यायचं नाही. यांच्या निवृत्तीच्या वेळचा फोटो सोबत पाठवते आहे. त्यात तोंड किती छान आहे बघ. त्यावरूनच काढ. अगदीच जमणार नसेल तर डावी बाजू अंधारात टाक, तुम्हा चित्रकारांना अंधार काय फुकटच मिळतो. अरे, त्या भिंतीकडे पोरंटोरं वर्षानुवर्षं बघणार. यांना कुणी हसलेलं मला सहन व्हायचं नाही. माझ्यासाठी एवढं कर.

लोभ आहेच, ऐकलंस तर आणखी वाढेल.

तुझी,
ताई


ता. १३ जून

ती. ताईस, शि. सा. न. वि. वि.

भाऊजी सुखरूप आहेत. पहिल्या दिवशी खुर्चीत असे बसले की जणू दात काढायला आलेत. आता रुळलेत. खुर्ची चौथऱ्यावर ठेवली आहे आणि पायांभोवती खडूनं खुणा केल्या आहेत, म्हणजे रोज ती जागच्या जागी येते. भाऊजी म्हणाले, शाळेत बाकं अशी बसवली असती तर निम्मा गोंधळ कमी झाला असता.

तुझा फोटो मी खणात ठेवला आहे. रागावू नकोस. आमच्या चित्रकलेच्या मास्तरांनी आधी दोन वर्षं प्लास्टरची डोकी कोळशानं काढून घेतली, रंगाला हात लावू दिला नाही. समोर जे आहे ते मोजायचं आणि तेच काढायचं, एवढं एकच त्यांनी शिकवलं आणि त्यावरच माझं आयुष्य उभं आहे. तेव्हा घरात सगळे मला नाकंच काढत बसलाय म्हणून चिडवायचे. भाऊजी नवे जावई, पण परीक्षेचे पेपर तपासायला मुद्दाम माझ्या खोलीत येऊन बसायचे, मला जिवंत माणूस काढायला मिळावं म्हणून! तो माणूस आज पुन्हा समोर बसलाय आणि त्याला फोटोवरून काढू?

तुझं अर्धं मात्र ऐकलंय. खिडकी त्यांच्या उजव्या हाताला घेतली आहे, त्यामुळे डावी बाजू सावलीत जाते. पण सावली म्हणजे अंधार नव्हे, जे आहे ते दिसणारच. माझ्या पाठीमागे एक मोठा आरसा असतो. मधूनमधून वळून त्यात चित्र बघितलं की ते उलटं दिसतं आणि चूक चटकन डोळ्यांत भरते. त्या आरशात त्यांना स्वतःचा चेहरा दिसायचा आणि ते मान वळवायचे, म्हणून मी त्यावर चादर टाकली आहे.

माया असू दे, राग तिकडेच ठेव.

तुझा,
कोळसा


ता. २७ जून

ती. ताईस, शि. सा. न.

माझ्या हातून भलतंच होऊन बसलंय. काल काम संपत आलं. भाऊजी फिरायला गेले तेव्हा मी आरशावरची चादर काढली आणि चित्र त्यात पाहिलं. तोंड सरळ आहे, ताई! अगदी तुझ्या फोटोसारखं. आणि शपथेवर सांगतो, मी तो खण उघडलेला नाही.

कपाळ मोजलं, नाक मोजलं, कानाची पाळीसुद्धा मोजली. तोंड आलं आणि हात आपला आपणच चालत राहिला. मी समोर बघत होतो आणि मला आपले जुने भाऊजीच दिसत होते. इतकी वर्षं विद्यार्थ्यांना मोजा, मोजा म्हणून कंटाळा आणला आणि स्वतः असा तोंडघशी पडलो. आधी हसू आलं, मग चादर परत आरशावर टाकली.

चित्र चांगलं झालंय, हीच पंचाईत. भाऊजींना अजून दाखवलेलं नाही. रंग ओला आहे तोवर खरवडता येईल. काय करू, कळव.

तुझा गोंधळलेला,
कोळसा


ता. ३० जून

चि. कोळशास, अ. आ.

खबरदार हात लावलास तर! जे झालं ते तुझ्या मनातून झालंय, ते खोटं कसं? पत्र वाचून मी किती दिवसांनी निवांत झोपले. आहे तस्सं राहू दे. ताईच्या शब्दाला आजवर मान दिलास, आताही दे.

खूप खूप आशीर्वाद देणारी,
ताई


ता. ४ जुलै

सौ. ... हिस, अ. आ.

मी तुला पत्र लिहितोय हे बघून घाबरू नकोस, प्रकृती ठीक आहे. हे तोंडानं सांगायला गेलो तर तू मध्येच रडशील आणि माझं राहून जाईल, म्हणून लिहितो.

तुझं पत्र आलं तेव्हा तुझ्या भावाचा चेहरा असा काही झाला की मी चित्र दाखव म्हणून हट्टच धरला. पाहिलं. गृहस्थ रुबाबदार आहेत, पण त्यांचं आणि माझं फारसं काही राहिलेलं नाही. झटक्यानंतर मला साधं पाणीसुद्धा मागता येत नव्हतं. तू रोज सकाळी मला पुढ्यात बसवून बाराखडी म्हणून घेतलीस. हेडमास्तरांना बाराखडी! मी चिडून पाटी फेकली, तू ती उचलून परत माझ्या हातात दिलीस. ज्या दिवशी तुझं नाव नीट उच्चारलं, त्या दिवशी तू दूध उतू घालवलंस आणि चुलीपाशीच रडत बसलीस.

सरळ तोंड मला आपसूक मिळालं होतं. हे वाकडं तोंड तू बोलतं केलंस. भिंतीवर लागायचंच तर हे लागू दे. लोकांनी तुझं काम बघावं, असं मला वाटतं.

मी त्याला तोंडावरचा रंग खरवडायला लावला. खुर्चीही फिरवून घेतली, डावी बाजू आता थेट खिडकीकडे आहे. उजेड बदलला म्हणून बिचाऱ्याला सगळा चेहरा पहिल्यापासून काढावा लागतोय. कुरकुरतो आहे, पण शीळही घालतो आहे.

तू माझ्यावर रागावणार हे गृहीत धरलं आहे.

तुझा


ता. १२ ऑगस्ट

चि. कोळशास, ताईचे मनापासून आशीर्वाद.

महिनाभर तुम्हा दोघांशी मी धड बोलले नाही. चित्र शाळेत पोचलं तरी बघायला गेले नाही. समारंभाला मात्र जावंच लागलं. तू तापानं पडून होतास, म्हणून सगळं सविस्तर लिहिते.

पडदा सरला तेव्हा मी मान खाली घालून बसले होते. कान मात्र टवकारलेले, कुणी हसतंय का म्हणून. कुणी हसलं नाही. भाषणं झाली, मंडळी चहाकडे वळली, तेव्हा मी हळूच उठून जवळ गेले.

कोळशा, हे घरी चहा घेतात ना, तेव्हा डाव्या कोपऱ्यातून एखादा थेंब ओघळतो. मी तो रुमालानं टिपते. आता तो हात मला विचारून जात नाही. तिथेही तसाच गेला. मी रुमाल काढला आणि चित्रातल्या यांच्या ओठाचा कोपरा पुसायला लागले. शिपाई लांबूनच ओरडला की बाई, रंग आहे तो!

मी दचकून मागे वळले तर हेच उभे. आणि हसत होते. माणसांनी भरलेल्या सभागृहात, तोंडभर. झटक्यानंतर चारचौघांत यांना हसताना मी पहिल्यांदाच पाहिलं.

तुझे उपकार मोजायला मला येत नाही, तू मोजणारा आहेस, तूच मोज. ताप उतरला की लगेच कळव आणि असाच आमचा राहा.

तुझी,
ताई