समईच्या बैठकीवरचं नाव

६ नोव्हेंबर, गुरुवार
पार्सल आलं. बर्निशिंगचं टूल एक, रु. ४,८५०. जादा गोळी एक, रु. ६२०. पोस्टमनला चहा घरचाच, म्हणून धरला नाही.
टूल म्हणजे लोखंडी दांडा, आत स्प्रिंग, टोकाला हरभऱ्याएवढी कडक गोळी. तुमसरच्या राइस मिलचे शाफ्ट ह्यांच्या लेथवर येतात, ते गुळगुळीत करायला. हे सांगत होते, पॉलिश पेपर धातू खातो. ही गोळी काही खात नाही, उंचवटे दाबून सपाट करते.
मी देवघरातल्या समईकडे पाहिलं. सहजच.

७ नोव्हेंबर
समई ह्यांच्या पहिलीची. बैठकीवर ठिपक्या-ठिपक्यांनी ठोकलेलं आहे: ‘चि. सौ. कां. चंद्रकला हिस, मामांकडून’. एकोणीस वर्षं तेल मी घालते, वात मी लावते, आणि रोज वाचावं लागतं ते तिचं. मत्सर नाही. गेलेल्या माणसाचा कसला मत्सर? देवापुढे खरखरीत भांडं बरं नाही, एवढंच.
तिची लेक मनाली दिघोरीला दिली आहे. तिचा निरोप आहे, चोवीस तारखेला बाळाचं बारसं, आईची समई पाहिजे. आता, नाव नसलं तर समई आईची कशावरून? असं मी म्हणत नाही. मनात आलं, म्हणून लिहिलं.
संकल्प: घासायचं नाही, देवाचं पितळ कमी करणं पाप. नुसतं दाबायचं.

९ नोव्हेंबर, दुपार
ह्यांना म्हटलं, समई जरा गुळगुळीत करून द्या. हे बराच वेळ बैठकीवरून अंगठा फिरवत राहिले. नाव जाईल म्हणाले. मी म्हटलं, देव थोडाच नाव वाचून पावतो.
मग लावली लेथवर. फिरायला लागली तशी अक्षरांची नुसती रेघ झाली. मला बरं वाटलं. हे मशीनकडे पाहतच बोलले,
“हे गोळी काही नेत नाही वो. जे हाये ते आतच राह्यते.”
मशीनबद्दलच बोलत होते.

१० नोव्हेंबर
आरशासारखी बैठक. नाव शोधावं लागतं. शेजारची रुपा विचारून गेली, काकू, नवी घेतली का वो? मी हो म्हटलं नाही. नाहीही म्हटलं नाही. खोटं बोललेलं देवाला चालत नाही.
पुढचं: ठोकणाऱ्याकडून तिथे माझं ‘देवका’ टाकून घेणे. तीनच अक्षरं, स्वस्तात होईल.

११ नोव्हेंबर, दिवेलागण
समईच्या बैठकीत एक बाई दिसली. लांबट तोंड, डोक्यावर पदर. मीच असणार, दुसरं कोण. पण माझा पदर तर खांद्यावर होता.
मग घेतला डोक्यावर. आता बरोबर जुळतं.

१३ नोव्हेंबर
तेल ओघळलं. फडक्यानं पुसलं. काजळी ठिपक्यांत बसली. ‘मामांकडून’ दिसत नाही, ‘चि. सौ. कां.’ दिसत नाही. ‘चंद्रकला’ तेवढं काळंभोर, दारातून वाचता येईल असं. मामानं नेमकं नावच जोर देऊन ठोकून घेतलेलं दिसतं.
चिंच लावली. निघालं.

१४ नोव्हेंबर
वात लावली. पुन्हा आलं.

१५ नोव्हेंबर
ह्यांना दुसरी गोळी लावायला लावली, जास्त दाबून. जेवढी बैठक चकाकते तेवढं नाव काळं दिसतं. आधी मळक्या पितळेत मळकं तरी होतं. हे सारं मीच केलं असं नाही. पितळच तसलं.

१६ नोव्हेंबर, दिवेलागण
मी हात जोडून बसले होते. हे मागे दारात येऊन थांबले आणि वाचलं.
“चंद्रकला.”
एकोणीस वर्षांत घरात हे नाव ह्यांच्या तोंडून ऐकलं नव्हतं. हाक मारावी तसं म्हणाले. बैठकीतल्या बाईनं मान वर केली. मी केली, म्हणून तिनं केली.
आम्ही जेवलो. भात गार झाला होता.

१७ नोव्हेंबर
पणती लावली. समई जुन्या साडीत गुंडाळली. मनालीचा फोन लागत नाही, मध्यंतरी तिचे चार फोन मीच उचलले नव्हते. कार्डाचा मजकूर आधी इथे लिहिते, कार्डावर खाडाखोड नको.
चि. मनालीस अनेक आशीर्वाद. समई तुझ्या आईची आहे. तुला द्यायचं पहिल्यापासूनच मनात होतं, म्हणून उजळून ठेवली. नाव स्पष्ट दिसतं. बारशाला मी स्वतः घेऊन येईन. तरी बोलावणं मलाही आहे की नुसतं समईला, ते उलट टपाली कळवावे.