नाऊ इन इंग्लिश

बाई,

मी तुम्हाला मनातच बाई म्हणायचे. तोंडावर नावानं हाक मारायचा तुमचा हुकूम होता, आणि सत्तरीच्या बाईला नुसतं नावानं हाकारताना माझी जीभ अडखळायची. जर्सी सिटीत आम्ही नवीन होतो. नवरा सकाळीच ट्रेननं मॅनहॅटनला जायचा, मला डिपेंडंट व्हिसावर नोकरीची बंदी, दिवस खायला उठायचा. लायब्ररीत तुम्ही विचारलंत, काय करतेस? मी म्हटलं, "नथिंग." तुम्ही अशा भडकलात, की दुसऱ्याच दिवशी मी तुमच्या स्वयंपाकघरात हजर झाले. तिथेच तुमचा बायकांचा इंग्लिशचा वर्ग भरायचा. इटलीहून येऊन तुम्ही शिवणकारखान्यात मशीन चालवलंत, तिथल्या बायकांना घेऊन संप केलात, त्यांच्यावर पुस्तकं लिहिलीत, हे मला फार नंतर कळलं. आधी कळलं ते एवढंच, की तुमच्या टोमॅटोच्या रश्श्याला चव म्हणून नाही. मी लोणचं नेलं. तुम्ही ते पावाला लावून खाल्लंत आणि बरणी परत दिलीच नाहीत.

तुमची पद्धत जगावेगळी. प्रत्येकीनं आपली गोष्ट आधी आपल्या भाषेत सांगायची. मी मराठीत बोलत सुटायचे, तुम्हाला अक्षर कळायचं नाही, पण हातातला चमचा खाली ठेवून तुम्ही माझ्या तोंडाकडे बघत राहायचात. माझं संपलं की म्हणायचात, "नाऊ इन इंग्लिश." तसं सांगता सांगताच मी लिहायला लागले. एकदा आमच्या बिल्डिंगमध्ये झाडू मारणाऱ्या बाईच्या तोंडी मी छान छान वाक्यं घातली. "ती असं म्हणाली?" तुम्ही विचारलंत. मी नकारार्थी मान हलवली. "मग तिथे जागा रिकामी सोड. आयुष्यभर सगळे तिच्या तोंडात आपलेच शब्द घालत आलेत. तू नको." मी रडले. तुम्ही जेवायला वाढलंत, पण शब्द मागे घेतला नाहीत. इराक युद्धाविरुद्धच्या मोर्चाच्या वेळी नवरा म्हणाला, "जाऊ नकोस यार, व्हिसाचा लोचा होईल." मी आले. फलकाचं एक टोक धरून, तुमच्या आड लपत चालले.

पुढच्या हिवाळ्यात तुम्हाला पक्षाघात झाला. इंग्लिश पार पुसलं गेलं, उरली फक्त गावाकडची बोली. मी हॉस्पिटलात येते तर तुम्ही माझा हात धरून बोलायला लागता. मध्येच हसता, मग डोळे भरतात, पुन्हा पुढे सांगता. भ्रमातली बडबड नाही ती, नीट रचलेलं काहीतरी आहे, त्याला सुरुवात आहे, शेवट आहे. मी तुमच्या तोंडाकडे बघत राहते, तुम्ही शिकवलंत तशी. तुम्ही थांबता. आणि माझ्या तोंडून निव्वळ सवयीनं निघून जातं, "नाऊ इन इंग्लिश." तुमचे ओठ हलतात. काहीच येत नाही. पुन्हा हलतात. मग तुम्ही भिंतीकडे तोंड करता. बाई, त्या क्षणी माझी जीभ का झडली नाही!

त्याच आठवड्यात तुम्ही गेलात. तुमची भाची इटलीहून पोचली ती सगळं आटोपल्यावर. ती वेळेवर आली असती, तर तिला शब्द न् शब्द कळला असता. तुमच्याच स्वयंपाकघरात माझ्यासमोर बसून तिनं विचारलं, "शेवटी मावशी काय बोलली?" मी सांगितलं, तुमच्या आईबद्दल बोलत होतात, अंगणातल्या अंजिराच्या झाडाबद्दल, आणि भाचीची फार आठवण काढलीत. तुम्ही हे तोडक्यामोडक्या इंग्लिशमध्ये बोललात, असंही सांगितलं. ती पोटभर रडली, मग तिनं माझे हात डोळ्यांना लावले.

हे पत्र टाकायला पत्ताही उरलेला नाही, तुमच्या घराच्या जागी आता टॉवर आहे. माझी पुस्तकं निघतात. कुणाच्या तोंडात शब्द घालू नका, असं मीही नव्या मुलींना सांगते. बाई, तेवढी एक जागा मात्र मला रिकामी सोडवली नाही.