आईला एकच लेक

रविवार, ९ मार्च

प्रिय ताई,

साष्टांग नमस्कार. वाकताना कंबर धरते, तेव्हा अर्धाच समज.

इथे सगळं ठीक. आईची डावी बाजू रुसलेलीच आहे, पण उजव्या हाताने चमचा आपटून ती घर चालवते. लिफ्ट बंद आहे. बाथरूमची फरशी उखडली आहे. पाणी दिवसाआड येतं. थोडक्यात, पुढच्या महिन्यात तू यायचं म्हणतेस, त्याला ही वेळ बरी नाही. सहा महिन्यांनी ये.

फोनवर भांडलो त्याचा हा राग नव्हे. माझं मत होतं तेच आहे. देशाला दार असावं आणि येणाऱ्याने ते वाजवून यावं. तू स्वतः वर्षानुवर्षं रांगेत उभी राहून तिकडचा शिक्का मिळवलास, आणि आता तो खिशात टाकून मला सांगतेस, सीमाच नकोत! मग रांगेतले काय खुळे? मागच्या दाराने आलेल्यांना परत पाठवावंच लागेल, असं मी पेपरातल्या सदरात लिहिलं आणि आईला वाचूनही दाखवलं. आईला सांभाळणाऱ्या बाई म्हणाल्या, "छान लिहिलंय दादा. जरा पाय धरा, आईंना कुशीवर वळवायचंय."

मी पाय धरले.

बाईंकडे या देशात राहायचे कागद नाहीत, हे तुला ठाऊक आहेच. त्यांच्याआधी कागदवाल्या तिघी येऊन गेल्या. एकीला आई चावली.

बरं, लिफ्ट चालू आहे, ताई. पाणीही येतं. खरं कारण वेगळं आहे.

मंगळवारी घरोघरी कागदांची तपासणी झाली. सोसायटीचा नवा सेक्रेटरी सोबत होता, स्वतःच्या लग्नात मिरवावं तसा मिरवत. अधिकाऱ्याने बाईंकडे बोट दाखवलं. "ह्या कोण?"

मी तोंड उघडलं. आत काय तयार होतं, देव जाणे. तेवढ्यात आई पलंगावरून म्हणाली, "चिमी. माझी लेक."

हे तुला कळवलं नव्हतं. गेले काही महिने आई त्यांना तुझ्याच नावाने हाक मारते. आधी त्या "मी चिमी नाही हो" म्हणायच्या. मग आई रडायची, म्हणून त्यांनी ओ द्यायला सुरुवात केली.

"बहीण तुमची?"

"हो."

"बोला की ताई, कधीपासून इथे?"

बाई दोन वाक्यं बोलल्या. त्यांचे हेल तुला माहीत आहेत. अधिकाऱ्याची भुवई वर गेली. मी म्हणालो, "बरीच वर्षं परदेशात होती. बोलणं बिघडलंय."

"होतं तसं," तो म्हणाला. "बहिणी किती?"

"एकच."

सेक्रेटरीने मान डोलावली. तो गेल्या वर्षी राहायला आला आणि त्याआधी कितीतरी वर्षं तू इथे फिरकलेली नाहीस. तुझ्या न येण्याचा असा उपयोग होईल असं वाटलं नव्हतं. पुन्हा येऊ, असं सांगून ते गेलेत.

आता तू बॅगा घेऊन जिन्यात दिसलीस की एकीच्या दोघी होतील, आणि एवढी बेरीज सेक्रेटरीला येते. बाईंना उचलून नेतील. दुसऱ्या कुणाच्या हातून आई खात नाही. माझ्याही नाही.

कायदा असावा आणि तो पाळावा, हे मी आजही म्हणतो. फक्त तो आमच्या उंबऱ्यात आला तेव्हा मी आडवा उभा राहिलो. तू हस हवं तर. यावर सदर लिहिणार नाही.

आणि वर सहा महिने म्हणालो, तेही सोड. डॉक्टर म्हणाले, एवढे धरून चालू नका.

बाईंना हे सगळं सांगितलं. म्हणाल्या, "ताईंना येऊ द्या. मी जाईन कुठेतरी. माझी आई गेली तेव्हा मला जाता नाही आलं. गेले असते तर परत आत कुणी घेतलं असतं?" आणि आईचे केस विंचरायला बसल्या.

तू आलीस तर त्या जातील. त्या राहिल्या तर तू यायचं नाहीस. मला यातलं काही ठरवता येत नाही. तू थोरली आहेस, तू सांग. फक्त एक माहीत असू दे: आई तुझी वाट बघत नाही. तिच्या हिशेबी तू तिच्याजवळच आहेस.

सरकारी नोंदीत बाईंचा, एरवी तुझाच,
भाऊ