समोरच्या दुकानावरची तक्रार

मंगळवार, ता. १४

चि. धाकट्यास,

ताईचे आशीर्वाद. फोन असताना हातोहात पाठवलेलं पत्र कसलं, म्हणशील. फोनवर तू मला एक वाक्य पुरं करू देत नाहीस, म्हणून.

इकडे ठीक. गुडघा कुरकुरतो, दुकान चालतं. काल एका टकल्या गृहस्थाकडे वयाचा दाखला मागितला, तर तो इतका खूश झाला की एक बाटली जास्त घेऊन गेला. वीस वर्षं दारू विकतेय, पण अल्पवयीन पोराच्या हाती कधी दिली नाही, असं मी चारचौघांत छातीठोकपणे सांगत आले.

तुझ्या पिल्लूचा हात कसा आहे? सतरा वर्षांची घोडी झाली, पण मैत्रिणीच्या गच्चीवर पिऊन जिन्यावरून पडली तेव्हा तुझ्या तोंडचं पाणी पळालं, ते मी दवाखान्यात पाहिलंय. बाटली माझ्या समोरच्या दुकानातलीच, असं धरून तू तिथल्या दुकानदारावर तक्रार ठोकलीस. मी जन्मभर त्याच्या नावानं खडे फोडलेत. तुला दुसरं कोण आठवणार?

पण त्यानं दिली नाही रे. मी दिली.

पिल्लू म्हणाली, "आत्या, बाबांनी मागवलीय, पाहुणे आलेत." मी कागदात गुंडाळून दिली, वर सांभाळून ने म्हटलं. दाखला मागायचा तो परक्याकडे. हिला तर जन्मली तेव्हा आधी मीच हातात घेतलं. बाटली कुणासाठी का असेना, तिच्या हाती देणं हाच गुन्हा, हे मला तोंडपाठ आहे. घरच्या पोरीलाही तो कायदा लागतो, एवढंच सुचलं नाही.

तू खोदून खोदून विचारलंस, तरी तिनं दुकान सांगितलं नाही. तुला वाटलं, ती त्या दुकानदाराला घाबरते. ती मला वाचवत होती. आणि मी पन्नाशीची बाई बारा दिवस तिच्यामागे लपून बसले. याची फार लाज वाटते.

रडगाणं गात नाही. उद्या सकाळी अकरा वाजता त्याच्या परवान्याची सुनावणी आहे, तिथे मी येतेय. जबाब लिहिलाय, माझा परवानाही पिशवीत घातलाय. साहेबांनी ठेवून घेतला तर घेऊ देत. हातपाय धड आहेत, दुसरं काही करीन.

तू मात्र मध्ये पडू नकोस. ताईला सोडा म्हणालास, तर तिथेच कान धरीन. तक्रार मागे घ्यायची नाही. त्याचं नाव खोड आणि माझं घाल.

तुझी ताई,
दुकानाची परवानाधारक